सुटे भाग मागवण्याआधी: बेसूर होणारी गिटार, उंच ॲक्शन आणि ऑनलाइन खरेदी

तुमच्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. तुमच्याकडे फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या धाटणीची, ट्रेमोलो ब्रिज (दांड्याने हलवता येणारा, धडावरचा तारांचा आधार) असलेली एक इलेक्ट्रिक गिटार आणि स्टीलच्या तारांची एक अकूस्टिक गिटार आहे. इलेक्ट्रिक गिटार दोन गाणी होईपर्यंत बेसूर होते, व्हॉल्यूमचे बटण फिरवताना खरखर येते आणि आवाज पातळ वाटतो. अकूस्टिकच्या तारा फ्रेटबोर्डापासून (बोटे दाबायच्या पट्टीपासून) इतक्या वर गेल्या आहेत, म्हणजे ॲक्शन इतकी उंच झाली आहे, की बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून) धरताना बोटे दुखतात. उपाय म्हणून नवे ट्यूनिंग पेग (तारा ताणणाऱ्या खुंट्या), नवा ब्रिज, नवे पिकअप (तारांचे कंपन विद्युत संकेतात बदलणारे भाग) आणि अकूस्टिकसाठी हाडाचे सॅडल (ब्रिजवर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) ऑनलाइन मागवावे, असे तुमच्या मनात आहे. हे भाग आपल्या गिटारीला बसतील का, नकली माल कसा ओळखावा, किती काम स्वतः करावे आणि रोझवुडचा सुटा भाग परदेशातून मागवताना काही अडचण येते का, हे तुम्ही विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो. या यादीतल्या बहुतेक वस्तू तुम्हाला लागणार नाहीत, आणि ज्या लागतील त्या माप घेतल्याशिवाय मागवू नयेत. विक्रेत्याच्या पानावरचे छायाचित्र कितीही स्पष्ट असले तरी दोन छिद्रांमधले अंतर त्यात दिसत नाही, आणि भाग बसणार की परत जाणार हे त्या अंतरावरच ठरते. म्हणून सर्वांत आधी एक डिजिटल व्हर्नियर कॅलिपर, फीलर गेजचा (फट मोजण्याच्या पातळ पात्यांचा) एक संच आणि अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली पोलादी पट्टी घ्यावी. या तीन वस्तूंचा उपयोग तुम्हाला कोणत्याही सुट्या भागापेक्षा अधिक काळ होईल.

आता सूर उतरण्याचा प्रश्न. गिटार बेसूर झाली की जवळजवळ प्रत्येक हौशी वादकाचा पहिला संशय पेगवर जातो, कारण सूर लावताना हात तिथेच असतो. परंतु पेगच्या आत वर्म गिअर असतो आणि त्याची रचनाच अशी असते की बटण फिरवले तर दांडी फिरते, पण तारेने दांडी कितीही ओढली तरी बटण उलटे फिरत नाही. त्यामुळे धडधाकट पेग आपोआप सैल होत नाही. त्याच्यात दोष असतो तो दात्यांमधल्या किंचित मोकळ्या जागेचा, आणि तो टाळण्याचा मार्ग म्हणजे सूर नेहमी खालून वर चढवत लावणे. तार जास्त चढली तर नुसती उतरवून थांबू नये. सुराच्या बरीच खाली नेऊन पुन्हा वर आणावी. पेगच्या जाहिरातीत १४:१, १५:१ किंवा १८:१ असे जे गुणोत्तर छापलेले असते ते सूर किती बारकाईने लावता येतो हे सांगते. सूर किती टिकतो याच्याशी त्याचा संबंध नाही. पेग बदलण्याआधी हेडस्टॉकच्या (पेग बसवलेल्या टोकाच्या) पुढच्या बाजूचा षटकोनी नट आणि मागचे छोटे स्क्रू घट्ट आहेत का ते पाहा, कारण अनेकदा पेगचा दोष म्हणून जो सांगितला जातो तो सैल झालेला हा नटच असतो.

सूर उतरण्याची खरी जागा बहुतेक वेळा दुसराच नट असते, म्हणजे हेडस्टॉक आणि फ्रेटबोर्ड यांच्यामधली खाचांची पट्टी. तारेला खाचेतून सहज पुढेमागे सरकता आले पाहिजे. खाच अरुंद किंवा खडबडीत असेल तर तार तिथे अडकते, मग सूर लावताना ‘टिंग’ असा बारीक आवाज होऊन सूर एकदम उडी मारतो. परीक्षा सोपी आहे. तार सुरात लावा आणि नट व पेग यांच्यामधला तिचा तुकडा बोटाने दाबून सोडा. सूर मूळ जागी परत न येता चढलेला राहिला तर तार नटमध्ये अडकत आहे. उलट बाजूने, एखादी जोरदार बेंड घेतल्यावर (तार बाजूला ओढल्यावर) सूर उतरलेला राहिला तरी निदान तेच. विशेषतः तुम्ही मध्यंतरी ०.००९ इंचाच्या (हे सर्वांत पातळ तारेचे माप) संचाऐवजी ०.०१० इंचाचा संच चढवला असेल, तर जुन्या खाचा नव्या तारांना अपुऱ्या पडत असण्याची शक्यता मोठी आहे. तात्पुरता उपाय म्हणून मऊ पेन्सिलीचे शिसे खाचेत घासावे. कायमचा उपाय म्हणजे तारेच्या जाडीनुसार मिळणाऱ्या नट फाइलने खाच किंचित रुंद करणे. येथे रुंदी वाढवायची आहे, खोली नव्हे. खाच नको तितकी खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर (फ्रेटबोर्डावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) घासून झणझणते आणि मग नवा नट बसवण्यावाचून इलाज राहत नाही.

तारा गुंडाळण्याची पद्धतही तपासा. जाड तारांना दोन आणि पातळ तारांना तीन वेढे पुरतात, आणि ते दांडीवर एकाखाली एक असे नीट उतरले पाहिजेत. एकमेकांवर चढलेले सात-आठ वेढे वाजवताना हळूहळू आवळत जातात आणि तेवढा सूर उतरतो. नवी तार चढवल्यावर ती बोटांनी हलकेच ताणून पुन्हा सुरात आणण्याची क्रिया काही वेळा करावी. लॉकिंग पेगचा खरा फायदा हाच आहे की त्यांत वेढे जवळजवळ लागत नाहीत. तो फायदा आहे हे मी नाकारत नाही, पण नट अडकत असताना लॉकिंग पेग बसवले तर रोग तसाच राहतो आणि पैसे मात्र जातात.

तुमच्या गिटारीत ट्रेमोलो असल्यामुळे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. असा ब्रिज तारांचा ताण आणि मागच्या बाजूच्या स्प्रिंगांचा ताण यांच्या समतोलावर उभा असतो. ०.००९ इंचाच्या संचाचा एकूण ताण २५.५ इंचांच्या स्केलवर (नट ते ब्रिज एवढ्या लांबीवर) जवळपास ३९ किलो भरतो आणि ०.०१० च्या संचाचा जवळपास ४७ किलो. तारा बदलल्या आणि स्प्रिंगा तशाच ठेवल्या, तर ब्रिज पुढे झुकतो, ॲक्शन वाढते आणि एक तार लावली की बाकीच्या पाच उतरतात. अशा वेळी ‘ब्रिज खराब झाला’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. मागचे झाकण उघडा, स्प्रिंगा ज्या धातूच्या पंजाला अडकवलेल्या असतात त्याचे दोन लांब स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आवळा, पुन्हा सूर लावा आणि ब्रिजच्या मागच्या कडेखाली सुमारे ३ मिमी फट राहीपर्यंत हे करत राहा. सहा स्क्रूंवर टेकलेला जुन्या पद्धतीचा ब्रिज असेल तर ते स्क्रू पूर्ण आवळलेले नसावेत, कारण आवळले की ब्रिज मोकळेपणाने हलत नाही आणि मूळ जागी परत येत नाही. तुम्ही ट्रेमोलोचा दांडा वापरतच नसाल, तर स्प्रिंगा इतक्या आवळा की ब्रिज लाकडावर घट्ट टेकून राहील. माझ्या मते निम्म्याहून अधिक हौशी वादकांनी हेच करावे. त्याने सूर टिकतो, आणि एक तार तुटली तरी उरलेल्या सुरात राहतात.

अकूस्टिकच्या उंच ॲक्शनकडे वळतो. सॅडल मागवण्याआधी ज्या खोलीत गिटार राहते तिथली आर्द्रता मोजा. घन लाकडाच्या गिटारीसाठी ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानली जाते. हवा दीर्घकाळ त्याहून दमट राहिली की लाकूड फुगते, ब्रिजमागचा पृष्ठभाग वर येतो आणि त्याच्याबरोबर तारा वर जातात. हवा कोरडी झाली की याच्या उलट घडते: पृष्ठभाग आत बसतो, ॲक्शन खाली येते, फ्रेटबोर्ड आकसल्यामुळे फ्रेटची टोके कडेला बोचू लागतात आणि शेवटी लाकडाला तडा जातो. दमट दिवसांत सॅडल घासून खाली आणले, तर कोरड्या दिवसांत तीच गिटार प्रत्येक फ्रेटवर झणझणेल. म्हणून गिटार केसमध्ये ठेवा, केसमध्ये आर्द्रता दोन्ही दिशांनी सांभाळणारी पाकिटे टाका, काही आठवडे जाऊ द्या आणि मगच मोजमापाला हात घाला. स्वस्तातला आर्द्रतामापकही यासाठी चालतो.

त्यानंतर नेकचा, म्हणजे गिटारीच्या मानेचा, बाक पाहा. पहिल्या फ्रेटवर केपो (सगळ्या तारा दाबून धरणारी पकड) लावा, नेक जिथे धडाला मिळते त्या फ्रेटवर सहावी तार दाबा आणि सातव्या फ्रेटच्या आसपास तार व फ्रेट यांच्यातली फट फीलर गेजने मोजा. ०.२ ते ०.३ मिमी फट ठीक आहे. फट अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेली असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची दांडी) घड्याळाच्या काट्याच्या दिशेने थोडा आवळावा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नको, आणि प्रत्येक वेळी पुन्हा सूर लावून मोजावे. नेकमध्ये बसवलेल्या, फिरवून बाक कमी-जास्त करता येणाऱ्या दांडीचे पेटंट गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ साली मिळाले, आणि तेव्हापासून आजतागायत तिचे काम नेकचा बाक ठरवणे एवढेच आहे. ती ॲक्शन कमी करण्याची किल्ली आहे हा समज फार पसरलेला आहे आणि त्यापायी अनेक रॉडचे आटे गेले आहेत. किल्लीचे मापही नीट पाहा. काही गिटारींना ४ मिमी, काहींना ५ मिमी, काहींना १/८ किंवा ३/१६ इंची ॲलन की लागते, तर गिब्सनच्या धाटणीच्या अनेक गिटारींना ५/१६ इंची पाना लागतो. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिमी आणि १/८ इंच म्हणजे ३.१८ मिमी. जवळचे माप म्हणून ३ मिमीची की १/८ इंचाच्या खोबणीत घालून जोर लावला, तर खोबणीचे कोपरे झिजून गोल होतात, आणि ती दुरुस्ती महागात पडते.

बाक योग्य झाल्यावर बाराव्या फ्रेटवर तारेचा तळ आणि फ्रेटचा माथा यांच्यातले अंतर मोजा. सहाव्या तारेला सुमारे २.४ मिमी आणि पहिल्या तारेला सुमारे १.८ मिमी असेल तर स्टीलच्या तारांची अकूस्टिक बोटांना सुखद वाटते आणि जोरात वाजवली तरी झणझणत नाही. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर असल्यामुळे सॅडल जितके खाली नेऊ त्याच्या निम्मेच अंतर तिथे कमी होते. म्हणजे तुमचे माप ३.२ मिमी आले आणि २.४ मिमी हवे असेल, तर ०.८ मिमीच्या फरकासाठी सॅडलचा तळ १.६ मिमी घासावा लागेल. तेवढे सॅडल ब्रिजच्या वर शिल्लक आहे का ते आधी बघा. घासून झाल्यावर जेमतेम काठ उरणार असेल, तर दोष सॅडलमध्ये नसून नेकच्या कोनात आहे. हे ताडून पाहण्यासाठी फ्रेटांवर एक लांब सरळ पट्टी ठेवून ती ब्रिजकडे न्यावी. पट्टीचे टोक ब्रिजच्या माथ्याला किंवा त्याच्या किंचित वर लागले तर कोन ठीक. ब्रिजच्या पोटावर आदळले तर नेक काढून पुन्हा बसवण्याचे काम आहे आणि ते कारागिराचेच आहे. अशा गिटारीच्या ब्रिजवर ०.०१२ इंचाच्या संचाचा सत्तर किलोंहून अधिक ताण अहोरात्र असतो, हे लक्षात घेतले म्हणजे काही वर्षांत कोन बदलतो याचे आश्चर्य वाटत नाही.

हाडाचे सॅडल घ्यायचेच असेल तर घ्या, मला ते आवडते; पण त्याची जाडी खोबणीत घट्ट बसेल अशीच हवी. बाजारात २.४ मिमी, ३ मिमी आणि ३.२ मिमी अशा जाडीची सॅडले मिळतात आणि छायाचित्रात ती सगळी सारखीच दिसतात. जुने सॅडल काढून त्याची जाडी, लांबी आणि दोन्ही टोकांची उंची मोजा, आणि नवे थोडे जाड व उंच घेऊन घासून जमवा. तळ सपाट काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासावा, हातात धरून नव्हे. खोबणीखाली पिएझो (दाबावर चालणारा) पिकअप असेल तर तळात बारीकसा उंचसखलपणा राहिला तरी एखाद्या तारेचा आवाज मंद होतो. हाडाची धूळ फुप्फुसांना चांगली नसते, तेव्हा तोंडाला मास्क लावा.

व्हॉल्यूमच्या खरखरीसाठी नवा पॉट (बटणाखालचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग) मागवण्याआधी विद्युत संपर्कांसाठी बनवलेला कॉन्टॅक्ट क्लीनर पॉटच्या बारीक फटीतून आत फवारा आणि बटण वीसेक वेळा पूर्ण फिरवा. दारांच्या बिजागऱ्यांसाठी असलेले तेल येथे वापरू नये. खरखर बटण न फिरवताही येत असेल, तर जॅकचा (केबल लावायच्या खोबणीचा) नट सैल होऊन आतल्या तारा पिळल्या गेल्या आहेत का ते तपासा. पातळ आवाजाबद्दल एवढेच सांगतो की आधी नव्या तारा लावा आणि मग पिकअपची उंची मोजा. शेवटचा फ्रेट दाबून धरल्यावर सिंगल कॉइल (एका वेटोळ्याच्या) पिकअपचा माथा सहाव्या तारेपासून २ ते २.५ मिमी आणि पहिल्या तारेपासून १.६ ते २ मिमी असावा. पिकअप खाली गेलेला असेल तर आवाज पातळ येतो, आणि फार वर आणला तर त्याचे चुंबक तारेला ओढते व वरच्या फ्रेटांवर सूर डळमळतो. दोन स्क्रू फिरवून हे साधते. त्यानंतरही आवाज पसंत पडला नाही तर पिकअपचा विचार करावा.

एवढे करून जे भाग खरोखरच लागतील त्यांच्या खरेदीकडे येतो. येथे मी थोडा सविस्तर बोलणार आहे, कारण ऑनलाइन खरेदीतली बहुतांश निराशा मापांतून येते. पेगसाठी हेडस्टॉकच्या छिद्राचा व्यास मोजा. आधुनिक पेगना बहुधा १० मिमीचे छिद्र लागते, जुन्या धाटणीच्या पेगना साडेआठ मिमीच्या आसपास. छिद्र लहान असेल तर ते रीमरने वाढवता येते, मोठे असेल तर आत बसवायच्या बुशिंग मिळतात. पण वाढवलेले छिद्र पुन्हा लहान होत नाही. पेग एका ओळीत सहा आहेत की तीन-तीन, मागे स्क्रूचे भोक तिरके आहे की सरळ, की स्क्रूऐवजी दोन खिळे आहेत, हे जुन्या पेगचे छायाचित्र समोर ठेवून जुळवा.

स्ट्रॅटोकास्टरच्या धाटणीच्या ब्रिजमध्ये सर्वाधिक फसगत होते. १९५४ साली बाजारात आलेल्या या गिटारीचे मूळ मापन इंचांत आहे, तर तिच्या असंख्य प्रतिकृतींचे मिलिमीटरमध्ये. मूळ पद्धतीच्या ब्रिजमध्ये पहिल्या आणि सहाव्या स्क्रूमधले अंतर सुमारे ५६ मिमी असते, अनेक प्रतिकृतींत ते सुमारे ५२.५ मिमी असते. दोन खांबांवर टेकणाऱ्या ब्रिजमध्ये हेच अंतर काहींत ५६ मिमी आणि काहींत ७४ मिमी असते. दुसरे माप ब्रिजखालच्या, धडात उतरणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या लांबीचे. मूळ धाटणीचे धड सुमारे ४४-४५ मिमी जाड असते, परंतु स्वस्त प्रतिकृतींचे धड अनेकदा ४० मिमीच्या आसपास किंवा त्याहून पातळ असते. त्यात पूर्ण लांबीचा ठोकळा बसवला तर तो मागून बाहेर डोकावतो आणि झाकण लागत नाही. तिसरी गोष्ट ट्रेमोलोच्या दांड्याच्या आट्यांची: अमेरिकी पद्धतीत १०-३२ या मापाचे इंची आटे, तर इतरत्र ५ किंवा ६ मिमीचे मेट्रिक आटे असतात. तुमच्या गिटारीची ही तिन्ही मापे कागदावर लिहून काढल्याशिवाय ‘बहुतेक गिटारींना बसतो’ अशा वाक्यावर विश्वास ठेवू नये. ते वाक्य मोजमाप न देण्याची सोय असते.

पॉटमध्येही तीच कथा आहे. सिंगल कॉइल पिकअपसाठी रूढीने २५० किलोओहमचे आणि हंबकरसाठी (दोन वेटोळ्यांच्या पिकअपसाठी) ५०० किलोओहमचे पॉट वापरतात, ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणाऱ्या) पिकअपसाठी २५ किलोओहमचे. मूल्य बरोबर असूनही पॉट बसत नाही, कारण काहींची मान ९.५ मिमीच्या छिद्रासाठी असते आणि छोट्या पॉटची ७ किंवा ८ मिमीच्या. दांडीवरचे बारीक दाते काहींत २४ आणि काहींत १८ असतात; जुने प्लास्टिकचे बटण चुकीच्या दात्यांवर दाबून बसवले की चिरते. टोन कपॅसिटरच्या जाहिराती मात्र सरळ दुर्लक्षित कराव्यात. ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरड हे मूल्य कानाला कळते. ते मूल्य तेलात बुडवलेल्या महागड्या नळकांड्यात आहे की साध्या प्लास्टिक फिल्ममध्ये, हे गिटारच्या क्षीण संकेताला कळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

पिकअप शेवटी घ्यायचाच ठरला आणि तो चार तारांचा हंबकर असेल, तर तारांचे रंग उत्पादकागणिक वेगळे असतात हे विसरू नका. सेमोर डंकनच्या पिकअपमध्ये काळी तार संकेताची आणि लाल-पांढरी एकमेकींना जोडायची असते. डिमार्झिओमध्ये लाल तार संकेताची आणि काळी-पांढरी जोडायची असते. हिरवी दोन्हीकडे ग्राउंडला जाते. एकाचा नकाशा दुसऱ्याला लावला तर पिकअपचा आवाज पोकळ आणि क्षीण येतो, आणि माणूस विनाकारण मालाला दोष देतो.

नकली मालात तारांचा क्रमांक वरचा लागतो, कारण त्या बनवायला सोप्या आणि खपायला हमखास. डॅडारिओसारख्या उत्पादकाने पाकिटावर खरेपणा पडताळता येईल असे संकेतांक देण्याची व्यवस्था केली आहे, ती वापरावी. नेहमीच्या किमतीच्या निम्म्यात मिळणारा संच, पुसट छपाई, पाकिटावरच्या आकड्यांशी न जुळणारी प्रत्यक्ष जाडी ही लक्षणे पुरेशी बोलकी आहेत. जाडी तर तुमच्याच कॅलिपरने तपासता येते. ब्रिजचा ठोकळा पोलादी असल्याचा दावा असेल तर त्याला चुंबक लावा: पोलाद चिकटते, जस्ताचे मिश्रधातू आणि पितळ चिकटत नाहीत. जुन्या पिकअपांच्या बाबतीत खालच्या स्टिकरवर विसंबू नये. सेठ लव्हर यांनी गिब्सनसाठी हंबकरच्या पेटंटचा अर्ज १९५५ मध्ये केला आणि पेटंट १९५९ मध्ये मिळाले. १९५७च्या सुमारापासून पेटंट मिळाल्यानंतरही काही वर्षे पिकअपांवर ‘पेटंट अप्लाइड फॉर’ (पेटंटसाठी अर्ज केला आहे) असे लिहिलेले असे, आणि पुढे पेटंट क्रमांकाचे स्टिकर आले तेव्हा त्यावर छापलेला क्रमांक हंबकरचा नसून गिटारवादक लेस पॉल यांच्या टेलपीसच्या (तारांची मागची टोके धरणाऱ्या भागाच्या) पेटंटचा होता. खुद्द कारखान्यातून बाहेर पडलेले स्टिकर जिथे असे दिशाभूल करते, तिथे कोणीही छापून चिकटवलेल्या स्टिकरवर किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

पार्सल आले की जुना भाग काढण्याआधी नवा मोजा. सोल्डर लागलेला पॉट, तार कापलेला पिकअप किंवा स्क्रू आवळल्याच्या खुणा असलेला पेग कोणताही विक्रेता सहसा परत घेत नाही, त्यामुळे परतीच्या मुदतीत भाग निव्वळ शेजारी ठेवून जुळवून पाहणे हेच शहाणपणाचे. काढलेले मूळ भाग एका पाकिटात नाव लिहून जपून ठेवा. पुढे गिटार विकताना घेणारा ते हमखास मागतो.

स्वतः करण्याच्या कामांत तारा बदलणे, पिकअपची उंची, स्प्रिंगांचा ताण, पेग बसवणे, सॅडल घासणे आणि शेवटी इंटोनेशन (वरच्या फ्रेटांवरही सूर बरोबर येणे) जुळवणे ही कामे निर्धास्तपणे येतात. इंटोनेशनसाठी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर यांची तुलना करा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे न्या. हे नव्या तारांवरच आणि बाकी सगळे जुळवल्यानंतरच करायचे असते. पेगसाठी नवे छिद्र पाडताना आधी बारीक ड्रिलने वाट करा आणि स्क्रूला थोडे मेण लावा, नाहीतर कठीण लाकडात स्क्रूचे डोके तुटते. सोल्डरिंग शिकण्यासारखे आहे, पण पहिला सराव जुन्या पॉटवर करा. आत राळ असलेली ६०/४० सोल्डर तार वापरा आणि नळजोडणीसाठी मिळणारा आम्लयुक्त फ्लक्स गिटारच्या जवळही आणू नका. नट नव्याने कोरणे, फ्रेट समतल करणे किंवा बदलणे आणि नेकचा कोन सुधारणे ही कामे मात्र कारागिराकडे द्यावीत.

साफसफाईबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी ऑनलाइन दुकाने त्या बाटल्या हमखास सुचवतात म्हणून दोन वाक्ये. तेल फक्त रोझवुड किंवा एबनीच्या उघड्या फ्रेटबोर्डाला आणि तेही वर्षातून एक-दोनदा थेंबभर लावून पुसून टाकायचे असते. वार्निश केलेल्या मेपलला ते लागतच नाही. नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या गिटारीवर सिलिकॉनयुक्त पॉलिश वापरू नये आणि ती रबरी पॅड असलेल्या स्टँडवर दीर्घकाळ ठेवू नये, कारण रबर त्या लॅकरला चिकटून डाग पाडते.

राहिला रोझवुडचा प्रश्न. धोक्यात असलेल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या साइट्स करारात २ जानेवारी २०१७ पासून रोझवुड ज्यात मोडते त्या डालबर्जिया वंशाच्या, ब्राझिलियन रोझवुड वगळता, सर्व जाती दुसऱ्या परिशिष्टात आल्या आणि काही काळ रोझवुडच्या गिटारीलाही विक्रीसाठी सीमा ओलांडताना कागदपत्रे लागू लागली. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्ये, त्यांचे तयार भाग आणि तयार उपसाधने यांना त्यातून सूट मिळाली. परंतु ही सूट ‘तयार’ भागालाच आहे: पूर्ण बनवलेला अकूस्टिक ब्रिज तिच्यात येतो, फ्रेटबोर्डासाठी कापलेली कच्ची फळी येत नाही. ब्राझिलियन रोझवुड तर १९९२ पासून पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात आहे आणि त्याला ही सूट लागूच होत नाही, मग तो भाग तयार असो की कच्चा. तेव्हा विक्रेत्याला लाकडाचे शास्त्रीय नाव लेखी विचारा. तो नुसते ‘रोझवुड’ एवढेच सांगत असेल, तर तो भाग सोडून द्या आणि त्याच मापाचा एबनीचा ब्रिज पाहा. मात्र तिथेही जातीचे नाव विचारायला विसरू नका, कारण मादागास्करमधील एबनी याच करारात नोंदलेली आहे.